माझ्या वडिलांची शिडी, त्याच्या ढालीवर

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेपरव्हिलच्या आमच्या घरासमोरचा बर्फ काढत होते. शनिवारची सकाळ होती. फोन इराचा, त्याच्या मुलीचा. "आत्या..." एवढंच म्हणून ती थांबली. मग इंग्रजीत म्हणाली, की तो झोपेतच गेला, त्रास झाला नाही, आई ठीक आहे. मी फावडं तसंच बर्फात रोवून उभी राहिले. माझा आतेभाऊ, माझ्याहून एका वर्षानं लहान, ज्याच्याबरोबर मी एका ताटात जेवले आणि एका कंदिलाखाली अभ्यास केला, तो गेला होता. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : हा आता अण्णांकडे माझ्याआधी पोचला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. स्वर्ग वगैरेवर माझा विश्वास नाही. पण हेव्याला विश्वास लागत नाही. साठीला आलेली बाई मी, आणि भाऊ गेल्याच्या बातमीवर मला रडू यायच्या आधी हेवा वाटला. पाच आठवडे झाले या गोष्टीला. शिरीषबद्दल इतरांनी पुष्कळ चांगलं लिहिलं, बोललं. तो होताही तसाच. पण माझ्याकडे त्याची जी आठवण आहे ती या हेव्यातूनच जाते, तिला दुसरा रस्ता नाही.

आम्ही कऱ्हाडचे. अण्णा वीज मंडळात वायरमन होते. त्या वेळी मंडळाच्या गाड्या सगळीकडे जायच्या नाहीत. अण्णा सायकलवरून जायचे आणि खांद्यावर बांबूची लांब शिडी असायची. एका हातानं हँडल, एका हातानं शिडी. वळण आलं की ते उतरून चालायचे, कारण शिडीचं मागचं टोक कुणाला लागेल याचा नेम नसायचा. शिरीष सहा वर्षांचा असताना त्याचे वडील छातीच्या दुखण्यानं गेले आणि माईआत्या, अण्णांची धाकटी बहीण, त्याला घेऊन आमच्याकडे आली ती कायमचीच. तिला कन्याशाळेत शिपायाची नोकरी लागली. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं. मी त्याच शाळेत होते. घरी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे आणि शाळेत ती नोटीस घेऊन वर्गात आली की पुस्तकात डोकं घालायचे. माईआत्यानं कधी ओळख दाखवली नाही. तिला सांगावं लागलं नाही.

अण्णांच्या बाबतीत मात्र ते एका दुपारी उघडच झालं. मी सातवीत होते. शाळा सुटली होती आणि आम्ही चार मैत्रिणी पेठेतून चाललो होतो. समोरून शिडी येताना दिसली. मुली मला कधीकधी 'शिडीवाली' म्हणायच्या. फार वाईट मनानं नाही, पण म्हणायच्या. शिडीच्या पुढच्या टोकाला अण्णा होते आणि मागचं टोक धरून शिरीष चालत होता, जसं काही पालखीला खांदा दिलाय. मी झटकन एका बोळात वळले. मैत्रिणींना म्हटलं, इकडून जवळ पडतं. वळताना माझी आणि अण्णांची नजरानजर झाली. ते थांबले नाहीत, हाक मारली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर नेहमीसारखं माझ्या गणिताच्या वहीवर कव्हर घालून दिलं. पण त्यानंतर सुट्टीच्या दिवशी लाइनवर जाताना ते "कोण येतंय?" असं विचारायचे बंद झाले. "चल रे शिरीष" म्हणायचे. माझी जागा मीच सोडली होती. पण सोडलेल्या जागेवर दुसरं कुणी बसलं की ती आपली होती हे कळतं.

तिथून पुढं हे दोघं एक झाले. खांबावरून अण्णा खाली काय मागतील ते शिरीषला मागण्याआधी कळायचं. रात्री जेवताना त्यांच्या गप्पा चालायच्या, कुठल्या खांबावर साळुंकीनं घरटं केलंय, कुणाच्या मीटरमध्ये पाल गेली. मी अभ्यासात पहिली यायचे. बक्षिसं आणून अण्णांच्या पुढ्यात ठेवायचे. ते कौतुक करायचे, पेढे आणायचे... आणि पेढ्याचा बॉक्स खाली ठेवला की शिरीषकडे वळून म्हणायचे, "उद्या ट्रान्सफॉर्मरचं तेल बदलायचंय बघ."

माझ्या वाटणीला अण्णांचं एक वाक्य मात्र होतं. मी तापट. भांडायला लागले की मला थांबता यायचं नाही. अण्णा म्हणायचे, "सुमे, आधी लाइन बंद. मग काय जोडायचं ते जोड." वायरमनचा पहिला नियम. तारेला हात लावण्याआधी मागून प्रवाह बंद झालाय याची खात्री करायची. हे ते फक्त मला म्हणायचे. शिरीषला कशाला म्हणतील, तो कधी भांडायचाच नाही.

पुढं मी कॉम्प्युटरचं शिकले, मिलिंदशी लग्न झालं आणि नेपरव्हिलला आले. दोन वर्षांनी शिरीष ॲन आर्बरला एमएस करायला आला आणि तिथंच एका प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायच्या कामाला लागला. मोठ्या पगाराच्या जागा त्यानं नाकारल्या. त्याला हातानं काम करायला आवडायचं. नेपरव्हिल ते ॲन आर्बर साडेचार तासांची ड्राइव्ह. थँक्सगिव्हिंगला कधी आम्ही जायचो, कधी तो, त्याची बायको आणि इरा यायचे. आमच्यात सगळं छान होतं असं कुणीही म्हटलं असतं.

फक्त एक गोष्ट. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" मी म्हटलं, "वीज मंडळात आहेत." "इंजिनियर?" मी "हो" म्हटलं. एवढाच तो "हो". पण पुढं तो वाढत गेला. माझी मैत्रीण वैशाली, आमच्याच गल्लीत राहणारी, इतरांशी माझी ओळख करून देताना सांगायची, "हिचे वडील चीफ इंजिनियर होते." मी दुरुस्त केलं नाही.

अण्णा एकदाच अमेरिकेत आले. माईआत्या तोवर गेली होती. सहा आठवडे माझ्याकडे आणि सहा शिरीषकडे असं ठरलं. माझ्याकडे त्यांना काही कमी पडू दिलं नाही. पण एके दिवशी जेवणाच्या खोलीतला पंखा बंद पडला आणि मी कंपनीचा इलेक्ट्रिशियन बोलावला. तो गोरा मुलगा ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून काम करत होता आणि अण्णा खाली, हात पाठीमागं बांधून, मान वर करून अर्धा तास बघत उभे होते. "अण्णा, बसा ना," मी म्हटलं. "बघतोय," ते म्हणाले. त्याच आठवड्यात वैशाली आणि तिचा नवरा जेवायला आले. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर होता?" माझ्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सगळीकडंच जावं लागायचं." आणि पोळीचा तुकडा मोडला. ते खोटं बोलले नाहीत आणि माझंही खोटं उघडं पाडलं नाही. तो विषय आम्ही पुन्हा कधीच काढला नाही.

मग ते शिरीषकडे गेले आणि तिकडून फोटो यायला लागले. अण्णा पोर्चमधला दिवा बदलतायत. अण्णा आणि शिरीष तळघरात वायरींचा गुंता सोडवतायत. अण्णा शिडीवर, शिरीष शिडी धरून, आणि दोघंही इतके हसतायत की फोटो हललाय. माझ्याकडच्या सहा आठवड्यांतला अण्णांचा हसरा फोटो मी शोधला. एक सापडला. त्यात ते शिरीषशी फोनवर बोलत होते.

अण्णा कऱ्हाडलाच गेले. आम्ही दोघंही वेळेवर पोचलो नाही, पण शिरीष माझ्या आधी एक दिवस पोचला. त्यानंतर दोन वर्षांनी इरा सातवीत असताना तिला शाळेत काम दिलं, आपल्या कुटुंबाचं मानचिन्ह तयार करा. एक ढाल काढायची, तिच्यावर आपल्या घराण्याची ओळख सांगणारी चित्रं, खाली ब्रीदवाक्य. युरोपातल्या सरदार घराण्यांची असायची तसं. इरानं मला फोन केला. "आत्या, व्हॉट ॲनिमल आर वी?" आपण कुठला प्राणी आहोत! मी म्हटलं, हत्ती घे. हत्ती म्हणजे वैभव. बाजूला कमळ घाल. मी तिला दोन चित्रंही पाठवली. तिनं हत्ती घेतला नाही.

शाळेचं काम संपलं, इराला चांगले मार्कही पडले, पण शिरीषनं ते डोक्यात घेतलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली. रंगांचे नियम वाचले. पिवळं आणि पांढरं एकमेकांवर ठेवायचं नाही, गडद रंगावर ठेवायचं, म्हणजे लांबून दिसतं. मला फोनवर म्हणाला, "ताई, लढाईत लोकांची तोंडं लोखंडानं झाकलेली असायची. आपलं कोण, परकं कोण, कळायचं नाही. म्हणून ढालीवर खूण. ही ढाल म्हणजे थाटमाट नाही, ओळख पटवायची सोय आहे." मी म्हटलं, आपल्याकडे देवक असतंच की. तो म्हणाला, "देवक बापाकडून येतं. हे आपण निवडायचं." मी भांडी घासत फोन स्पीकरवर टाकला होता. फार लक्ष दिलं नाही.

पुढं ऐकू यायला लागलं की तो इतरांनाही अशी चिन्हं करून देतो. ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत त्याची चांगलीच हवा झाली. नवीन घर घेतलेली जोडपी, पुण्या-नागपूरहून आलेली आयटीतली पोरं त्याच्याकडे येऊन बसायची. तो त्यांना विचारायचा, "तुझे आजोबा काय करायचे? तुझी आई हातानं काय करायची?" कुणाच्या ढालीवर एसटी कंडक्टरचा तिकिटं पंच करायचा चिमटा, कुणाच्या ढालीवर संत्र्याची फांदी, कुणाच्या ढालीवर सुईणीची कात्री. लोक म्हणे रडायचे. मला फोटो फॉरवर्ड व्हायचे. मी अंगठा दाखवून सोडून द्यायचे. आमच्या घरासाठी एक कर, असं मी कधी म्हटलं नाही. मला त्यानं विचारावं असं वाटत होतं. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं?

चार वर्षांपूर्वी इराची हायस्कूल ग्रॅज्युएशन पार्टी होती. जून महिना, मागच्या अंगणात टेबलं मांडलेली. आम्ही गेलो, वैशाली आणि तिचा नवराही आमच्याच गाडीतून आले. त्यांचा मुलगा तिथं विद्यापीठात होता. घरात शिरलो तर समोरच्या भिंतीवर ती होती. मेपलच्या लाकडात कोरलेली, हातभर उंचीची ढाल. निळी. मधोमध पिवळी शिडी. शिडीच्या एका अंगाला पांढरी घंटा. तळाशी दोन पांढऱ्या नागमोडी रेघा, समोरासमोर येऊन एक झालेल्या. कृष्णा आणि कोयना आमच्या गावात तशाच भेटतात. आणि खाली लाकडाच्याच फितीवर, सुबक देवनागरीत, "आधी लाइन बंद".

मी पायातले बूट काढायचे विसरले.

पाहुणे गोळा झाले होते. कुणीतरी म्हणालं, सांग ना शिरीष, याचा अर्थ सांग. तो लाजला, पण सांगायला लागला. "ही घंटा माझ्या आईची. ती शाळेत शिपाई होती. घंटा वाजल्याशिवाय हेडमास्तरांचीसुद्धा शाळा सुटत नसे. या दोन नद्या म्हणजे दोन घरं. आणि ही शिडी माझ्या मामांची. पाश्चात्त्य घराण्यांच्या ढालींवरही शिडी असते, पण ती किल्ल्याच्या तटाला लावायची. आमची विजेच्या खांबाला लावायची. मामा वायरमन होते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली माझ्याकडे वळली. "मामा म्हणजे... तुझेच बाबा ना गं? तू तर म्हणाली होतीस..." आणि मग माझा चेहरा बघून तीच थांबली. "असू दे, असू दे," म्हणाली. ते "असू दे" मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

मी शिरीषला स्वयंपाकघरात गाठलं. तो कलिंगड कापत होता.

"कुणाला विचारून लावलीस?"

"काय?"

"अण्णांची शिडी. ते माझे वडील होते, शिरीष. तुला तुझ्या घराण्याचं चिन्ह करायचंय ना? मग तुझ्या वडिलांचं काय असेल ते लाव."

त्यानं सुरी खाली ठेवली. "माझ्या वडिलांचा मला फक्त खोकला आठवतो, ताई. तो कसा कोरू?"

इथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "म्हणून दुसऱ्याचे बाप घ्यायचे? आणि ते वाक्य. ते मला म्हणायचे अण्णा. तुला नाही. तेसुद्धा उचललंस?"

"तुला नको होती ना ती शिडी?" तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. सगळ्या आयुष्यात मला लागेल असं तो हे एकच वाक्य बोलला असेल. त्याला ती बोळातली दुपार ठाऊक होती. मागचं टोक धरून तोच तर चालला होता. मी पर्स उचलली, मिलिंदला म्हटलं, निघूया. वैशालीला आणि तिच्या नवऱ्याला त्यांच्या मुलानं दुसऱ्या दिवशी आणून सोडलं.

चार वर्षं आम्ही बोललो नाही. म्हणजे तो बोलत होता. दिवाळीला मेसेज, माझ्या वाढदिवसाला मेसेज, "ताई, यंदा सफरचंदं खूप आलीत, येताय का?" मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मिलिंद म्हणायचा, "अगं, पुरे की आता." मलाही पुरे व्हायचं होतं. पण एकदा जाऊन ती भिंत पुन्हा बघायची म्हटलं की मी गाडीची किल्ली परत जागेवर ठेवून द्यायचे. ढालीवरून लोकांना त्याची ओळख पटत होती. माझ्या वडिलांवरून लोक त्याला ओळखत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी मेधाचा, त्याच्या बायकोचा फोन आला. यकृताचा कॅन्सर, उशिरा कळलाय. "तो तुम्हाला कळवू नको म्हणत होता. म्हणाला, ताईला दयेनं यावं लागेल. पण मला राहवलं नाही." मी दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले.

तो खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता. अर्धा झाला होता. मी आत येताना भिंतीकडे बघितलं नाही आणि त्याला ते कळलं. मेधा औषधं आणायला बाहेर गेली. आम्ही हवेबद्दल बोललो, इराच्या नोकरीबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "ताई, एक सांगू? तू चिडशील."

"आता काय चिडणार तुझ्यावर..."

"चिड, मला बरं वाटेल. सगळे फार हळू बोलतात माझ्याशी." तो हसला. "त्या दिवशी तू बोळात वळलीस ना, त्याच्यानंतर मामांनी पेठेतून जायचंच सोडलं. आम्ही नदीकाठानं वळसा घालून जायचो. चांगला अर्ध्या तासाचा फेरा. उन्हात शिडी घेऊन. मी एकदा विचारलं, मामा, सरळ का नाही जात? तर म्हणाले, सुमीची शाळा आहे तिकडं."

मी माझी खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"मला इतका राग यायचा तुझा," शिरीष म्हणाला. "माझे पाय भाजायचे आणि मनात यायचं, माझ्यासाठी कुणी असा फेरा मारला असता? मी मामांबरोबर सगळीकडं जायचो, कारण मी घरी बसलो असतो तर त्यांना चाललं असतं. तू वळलीस तरी तू त्यांचीच होतीस. मला रोज शिडी धरावी लागायची. तुला काहीच धरावं लागत नव्हतं."

"काहीतरीच बोलतोस. ते तुझ्याशीच बोलायचे. माझ्याशी काय बोलायचे? गणिताची वही!"

"कामाचं बोलायचे गं माझ्याशी. आणि मध्येच थांबून म्हणायचे, सुमी काय करत असेल आता." तो दमला होता. "ते वाक्य मी मुद्दामच घेतलं, हे मात्र खरं. मला कधी म्हणालेच नाहीत ना ते. मी कधी भांडलोच नाही त्यांच्या घरात. भांडायची सोय नव्हती. तुला म्हणायचे आणि मी ऐकायचो... वाटायचं, एकदा आपल्यालाही कुणी असं रागवावं."

पन्नास वर्षं आम्ही एकमेकांच्या ताटात बघत जेवलो होतो. मी त्याला म्हणायला हवं होतं, की चुकलं माझं. ते मला म्हणता आलं नाही. मी त्याच्या पायांवरची शाल नीट केली आणि म्हटलं, "घंटेला दोरी हवी होती. माईआत्या दोरी ओढून घंटा द्यायची, तुझी नुसतीच लोंबतेय." तो इतका हसला की खोकला लागला. "लावतो," म्हणाला, "बरा झालो की लावतो." जाताना मी ढालीपाशी थांबले. पहिल्यांदाच नीट बघितली. शिडीची खालची पायरी त्यानं जराशी झिजलेली कोरली होती. अण्णांच्या शिडीची तशीच होती. ती मी लांबूनच बघितलेली. त्यानं जवळून बघितली होती. तिथंही मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

दोरी लावायची राहिली. जानेवारीत तो गेला.

अंत्यसंस्काराला आलेली माणसं हॉलमध्ये मावली नाहीत. ज्यांना ज्यांना त्यानं चिन्हं करून दिली होती ते सगळे आले होते. एक तरुण मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही त्या मामांची मुलगी ना? वायरमन मामांची?" मी म्हटलं, "हो." आणि पुढं म्हटलं, "वायरमनच होते. चोवीस फुटी शिडी एकट्यानं न्यायचे." हे वाक्य मी अमेरिकेत पहिल्यांदा बोलले. वैशाली शेजारीच उभी होती. तिनं नुसता माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं. बाहेर उणे तापमान, प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी हीटर लावलेला. अचानक वरच्या मजल्यावरच्या एका भागातली लाइट गेली. इरा माझ्याकडे आली. "आत्या, तू येशील बेसमेंटमध्ये? ब्रेकर ट्रिप झालाय. बाबाच बघायचा ते. आणि त्यानं सगळं मराठीत लिहिलंय, आय कान्ट रीड इट."

लाइट आली की सांगायला ती बत्ती घेऊन वर जिन्याशी थांबली आणि मी एकटीच खाली उतरले. भिंतीतली ती करड्या रंगाची पेटी उघडली. आत बटणांच्या दोन रांगा आणि प्रत्येक बटणाशेजारी पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईत त्याचं अक्षर. "ओटा." "दिवाणखाना." "मोरी", आणि ती तीन बाथरूम्सच्या घरात! "इरा." "अंगण." आणि उजवीकडच्या रांगेत खालून तिसरं, "ताईची खोली."

वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची पाहुण्यांची खोली. पूर्वी आम्ही आलो की तिथं झोपायचो. त्या घरात दुसऱ्या कुणाला ताई म्हणत नाहीत. मला वाटलं, जुनं असेल, आमचं बोलणं होतं तेव्हाचं. मी वर तोंड करून विचारलं, "इरा, हे पॅनेल केव्हाचं गं?"

"न्यू आहे," ती वरून म्हणाली. "दोन वर्षं झाली. जुनं खराब झालं होतं, बाबानं सगळी लेबलं परत लिहिली."

दोन वर्षांपूर्वी मी त्याला हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. आमच्या घरात चार बेडरूम आहेत. एका खोलीला आम्ही ऑफिस म्हणतो, एकीला जिम म्हणतो. शिरीषची खोली असं आम्ही कुठल्याच खोलीला कधी म्हटलं नाही. तिथं उभी राहून मला जे वाटलं ते दुःख होतं की पुन्हा हेवाच, मला सांगता येणार नाही. इतकं साधं मला का सुचलं नाही, असं वाटलं. बराच वेळ गेला असावा, कारण इरानं वरून "आत्या, यू ओके?" म्हणून विचारलं.

पडलेलं बटण तेच होतं. मी ते आधी पूर्ण खाली केलं, मग वर ढकललं. खट्ट आवाज झाला.

आमच्या कऱ्हाडला संध्याकाळची लाइट गेली, की सगळी आळी ओट्यावर येऊन बसायची, आणि ती परत आली की लहानथोर एकदम ओरडायचे. तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. अमेरिकेत लाइट आली म्हणून कोण ओरडतं? मी पेटीचं दार लावत होते, आणि वरून, जिन्यावरून, माझ्या भाचीचा आवाज आला, अगदी आमच्या आळीच्या सुरात,

"आऽऽली!"